जबाबदार, बेजबाबदार आणि आमचे अण्णा

“मॅडम, तुमच्या पत्रात ‘जबाबदार’ आणि तुमच्या कॅप्टनच्या तोंडी ‘बेजबाबदार’. आम्ही कुणाचं धरायचं?”

निपाणीहून चौगुले सरांचा फोन होता. तिथल्या एका निवासी शाळेचे ते प्रशासकीय अधिकारी. मी मच्छेच्या इंडस्ट्रियल एरियात एका फाउंड्रीत एचआर मॅनेजर आहे. फाउंड्री म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायचा आणि त्याचे पार्ट बनवायचा कारखाना. त्या पार्टला कास्टिंग म्हणतात. भरती, रजा, पगार, तक्रारी ही एचआरची नेहमीची कामं. आमच्याकडे त्यात कंपनीची फुटबॉल टीमही येते.

चौगुले सर करत होते त्याला रेफरन्स चेक म्हणतात. माणूस नोकरीवर घेण्याआधी त्याच्या जुन्या कंपनीला विचारायचं, हा कसा आहे? उत्तर बहुतेक ठरलेलं असतं. प्रत्येक कंपनीकडे अनुभवाच्या दाखल्याचा एक नमुना असतो आणि त्यात ‘शिस्तप्रिय व जबाबदार’ हे शब्द आधीच छापलेले असतात. नाव तेवढं बदलायचं. परशराम अण्णांचा दाखला त्याच नमुन्यातला होता.

अण्णा कंग्राळीचे. आमच्याकडे मोल्डर होते, म्हणजे वाळूचे साचे करायचे. शिफ्ट संपली की टीमचे कोच. गेल्या वर्षी ते रिटायर झाले. टीमचा कोच कंपनीचाच कर्मचारी असावा असा आमचा नियम, त्यामुळे मोल्डिंगबरोबर मैदानही सुटलं. आता शेतात लक्ष घालतील असं सगळ्यांना वाटलं. ते दोन-तीन महिन्यांतच सुकले. कुणाशी धड बोलेनात. अशात निपाणीच्या शाळेला फुटबॉल कोच हवा असल्याचं कळलं. राहायची सोय हॉस्टेलवर. अण्णांनी अर्ज केला, शाळेला ते आवडले, आणि तेवढ्यात एक व्हिडिओ आला. चौगुले सर त्याबद्दलच बोलत होते.

“कसला व्हिडिओ?” मी विचारलं.

“अहो, तुमच्याच पोरांचा! बघा आधी. शुक्रवारी कमिटी बसतेय. तोवर काय ते सांगा.”

मी व्हिडिओ बघितला. आमची टीम आदल्या रविवारी कंपन्यांच्या स्पर्धेत पहिली आली होती. मैदानातच एका लोकल चॅनेलच्या मुलाने कॅप्टन सिद्धार्थपुढे माइक धरला. गेल्या वर्षी पहिल्याच फेरीत बाहेर, या वर्षी कप, काय बदललं? सिद्धार्थ सरळ बोलला. “अण्णांच्या वेळेला टीममध्ये शिस्त म्हणून न्हवती. उशिरा आलं तरी खेळ, प्रॅक्टिस बुडवली तरी खेळ. आम्हाला कधी कुणी जबाबदार धरलंच न्हाय.” शेजारी आमचा स्ट्रायकर विनायक मान हलवत होता. तो म्हणाला, “मला तर बाहेरच बसवायला पाहिजे होतं.” तिथे व्हिडिओ तुटला होता. वर मोठ्या लाल अक्षरांत: ‘माजी कोच बेजबाबदार! खेळाडूंचा घरचा आहेर’.

‘जबाबदार धरलं नाही’चं ‘बेजबाबदार’ झालं होतं. मूळ शब्द पोरांबद्दल होता, शिक्का अण्णांवर बसला होता.

एमडींच्या केबिनमध्ये ही बातमी माझ्या आधी पोचली होती.

“क्लॅरिफिकेशन टाका मॅडम. पाच ओळी. विषय संपवा.”

“पोरांशी बोलते आधी.”

“बोला. पण पाच ओळी.”

मी मजकूर तयार केला. आमच्या वक्तव्याचा विपर्यास करण्यात आला, आमचे कोच अत्यंत शिस्तप्रिय होते, वगैरे. दोघांना लंच ब्रेकमध्ये बोलावलं.

विनायकने खिशातून पेन काढलं. “कुठं करू सही?”

“वाचलंस का?”

“तुम्ही लिवलाय म्हटल्यावर बरोबरच असणार की.”

सिद्धार्थने वाचलं. तो निपाणीचाच, आमच्याकडे क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. तयार कास्टिंग तपासायचं आणि ओके किंवा रिजेक्ट लिहायचं, हे त्याचं काम. मैदानात गोलकीपर. दोन्हीकडे त्याच्या हातून फारसं काही सुटत नाही. त्याने कागद टेबलावर परत ठेवला.

“न्हाय करणार, मॅडम.”

“अरे, अण्णांची नोकरी जायला लागलीय!”

“कळलंय. रात्रीपासून डोक्यात तेच आहे. ‘बेजबाबदार’ असं मी म्हणालो न्हाय, ते खोडतो. पण शिस्तप्रिय होते असं लिवणार न्हाय. न्हवते.”

“दोन शब्दांनी काय बिघडतंय?”

“उद्या अण्णा तिकडं गेले, तिथली पोरंबी आमच्यासारखीच झाली, तर? मग शाळा म्हणेल, फाउंड्रीवाल्यांनी फसवलं.”

मला राग आला होता. पण रिजेक्ट कास्टिंग डिस्पॅचला जाऊ देत नाही म्हणून मीच या मुलाला इन्क्रीमेंट दिलं होतं, त्यामुळे मला फार बोलता येईना.

मग त्याने व्हिडिओत नसलेलं सांगितलं. गेल्या वर्षीच्या मॅचला विनायक हाफटाइमला उगवला. चुलत बहिणीच्या हळदीतून थेट, मानेवर हळद तशीच. अण्णांनी त्याला लगेच मैदानात उतरवलं आणि त्याच्या जागी खेळणाऱ्या, एकही प्रॅक्टिस न चुकवलेल्या मुलाला बाहेर काढलं. टीम हरली. ड्रेसिंग रूममध्ये अण्णा म्हणाले, “माझी चूक. माझं फॉर्मेशन चुकलं.” विनायकला एक शब्द नाही. सिद्धार्थ म्हणाला, “त्या दिवशी त्यांनी एक शिवी घातली असती तरी आमचं वर्ष वाचलं असतं. सगळं स्वतःवर घेतलं, मग आम्हाला शरम वाटायला काय उरलंच न्हाय.”

विनायकने पेन खिशात परत ठेवलं. नवे कोच म्हणजे आमचे सिक्युरिटी ऑफिसर, मिलिटरीतून निवृत्त हवालदार. उशिरा आलास तर बेंचवर, हा त्यांचा एकच नियम. सुरुवातीच्या मॅचेस विनायकने बेंचवरूनच बघितल्या होत्या. या वर्षीच्या फायनलचा गोल त्याचाच.

संध्याकाळी मी कंग्राळीला गेले. हे अण्णांना माझ्याकडून कळावं, असं वाटत होतं. उशीर झाला होता. त्यांच्या पुतण्याने मोबाइलवर सगळं दाखवलं होतं. आक्का, म्हणजे अण्णांच्या पत्नी, दारातच भेटल्या.

“बघितलासा न्हवं? माझ्या हातच्या आंबोळ्या खाऊन गेलीत ती पोरं. आता कॅमेऱ्यापुढं वाचा फुटली!”

“गप गं,” आतून अण्णांचा आवाज आला. “चहा ठेव मॅडमना.”

मी त्यांना माझा मजकूर दाखवला. सिद्धार्थ सही करत नाही हेही सांगितलं. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं आणि हसले.

“ह्यो कोण शिस्तप्रिय माणूस? मी वळखत न्हाय ह्याला.”

“अण्णा, मस्करी नको. शुक्रवारी कमिटी आहे.”

“मॅडम, पोरं खोटं काय बोलल्यात? मी ओरडलो न्हाय हे खरं हाय. मी मोल्डर माणूस. कास्टिंग बिघडलं तर कास्टिंगला शिव्या देऊन काय हुतंय? आपला साचा कुठं चुकला ते बघायचं. पोरांचं बी तसंच धरलं मी.” कागद परत देत ते म्हणाले, “सही घेऊ नका त्येची. पण निपाणीचं… ते गेलं तर मात्र माझं अवघड हाय.”

अण्णांनी स्वतःसाठी काही अवघड असल्याचं बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

परत येताना मी ठरवलं, कागद नकोच. कमिटीला माणसंच भेटवायची. एमडींना तसं सांगितलं. ते म्हणाले, “आणि त्या पोराने तिथेही असंच सांगितलं तर?” मी म्हणाले, “सांगणारच आहे.” त्यांनी कपाळाला हात लावला, पण दोघांची ऑन-ड्यूटी रजा मंजूर केली.

शुक्रवारी माझ्या गाडीतून आम्ही चौघं निघालो. पुढे अण्णा, मागे ते दोघं. संकेश्वर येईपर्यंत दोघांची डोकी मोबाइलमध्येच. शेवटी अण्णाच मागे वळले.

“सिद्धा, व्हिडिओत केस लई झ्याक दिसत हुते रं. जेल लावलंतास?”

“न्हाय अण्णा. घाम हुता.”

“आणि ईन्या, तू नंदीबैलागत मान का हलवत हुतास?”

“माझी बोलायची पाळी येत न्हवती म्हणून.”

मग जरा हवा मोकळी झाली. अण्णांनी साच्याचं आणि कास्टिंगचं म्हणणं पुन्हा सांगितलं. सिद्धार्थने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “अण्णा, एक बोलू? कास्टिंग हळदीला जात न्हाय.”

मला गाडी चालवत हसू आवरेना. विनायक खिडकीबाहेर बघू लागला. अण्णा पुन्हा पुढे तोंड करून बसले. तवंदी घाट उतरल्यावर स्वतःशीच म्हणाले, “व्हय. जात न्हाय.”

शाळेत चौगुले सर, मुख्याध्यापिका आणि ट्रस्टचे दोन सदस्य बसले होते. मुख्याध्यापिका बाईंनी वेळ घालवला नाही.

“परशरामजी, व्हिडिओतलं खरं आहे का?”

“शिस्त न्हवती, हे खरं. बेजबाबदार न्हवतो.”

“फरक काय?”

“मी एक बी प्रॅक्टिस चुकवली न्हाय. एक बी पोरगं जखमी असताना खेळवलं न्हाय. पण चुकलेल्याला तू चुकलास असं सांगायला मला जमलं न्हाय. ते ह्या पोरांनी सांगितलं. बरं केलं.”

चौगुले सर माझ्याकडे बघत होते. पत्र माझंच होतं. मी म्हणाले, “सर, ते दोन शब्द आमच्या सगळ्याच दाखल्यांत छापलेले असतात. म्हणून आज ज्यांना माहीत आहे त्यांनाच घेऊन आले.”

बाई सिद्धार्थकडे वळल्या. “तुम्ही निपाणीचे ना? तुमच्या घरातलं मूल यांच्या हाताखाली द्याल?”

“माझा भाचा ह्याच शाळेत हाय, मॅडम. देणार. मी गोलकीपर झालो तो अण्णांमुळं. मी कंपनीत लागलो तेव्हा बॉल आला की डोळे मिटायचो. माझे डोळे उघडे राहीपर्यंत अण्णा हाताने हळूहळू बॉल टाकत राहिले. कितीतरी आठवडे. एकदाबी वैतागले न्हाईत. असं शिकवणारा दुसरा माणूस मी बघितला न्हाय.” मग दम घेऊन म्हणाला, “फक्त हजेरी त्यांच्या हातात देऊ नका.”

ट्रस्टचे एक सदस्य मोठ्याने हसले. अण्णाही हसले. विनायकला राहवलं नाही. “आणि लग्नाच्या सीझनला जरा लक्ष ठेवा, सर.”

आम्हाला बाहेर बसवलं. अण्णा व्हरांड्यातून मैदानावरची मुलं बघत होते. एक मुलगा सारखा डाव्या पायाच्या बॉलला उजवा पाय घालत होता. अण्णा उठले, जाऊन त्याच्या शेजारी उभे राहिले आणि काहीतरी दाखवू लागले. नोकरी मिळाली की नाही हे त्यांना अजून माहीत नव्हतं. चौगुले सर बोलवायला आले तेव्हा त्यांना मैदानातून आणावं लागलं.

निर्णय असा झाला: एका वर्षाची नेमणूक. हजेरी पी.टी.चे सर घेणार, वेळेचा नियम शाळेचा. “पण नियम मोडणाऱ्याला बाहेर तुम्हीच बसवायचं,” बाई म्हणाल्या. “ते दुसऱ्याकडे देणार नाही. तेवढं शिकायची तयारी आहे?”

“हाय,” अण्णा म्हणाले. आवाज बारीक होता, पण म्हणाले.

चॅनेलच्या मुलाला सिद्धार्थने स्वतः फोन करून पूर्ण मुलाखत टाकायला लावली. त्यात पुढचं वाक्य होतं: “पण आज ज्या पायानं गोल झाला, तो पाय अण्णांनी घडवलाय.” पूर्ण मुलाखत फारशी कुणी बघितली नाही. आक्कांनी मात्र बघितली. पोरांना आंबोळ्या पुन्हा चालू झाल्या.

अण्णा शाळेत रुजू झाल्यावर थोड्या दिवसांनी चौगुले सरांचा फोन आला. त्यांचा सूर तक्रारीचा होता की नाही ते आधी कळेना.

“मॅडम, काल अण्णांनी एका मुलाला उशिरा आला म्हणून बेंचवर बसवलं.”

“छानच की.”

“आणि स्वतः त्याच्या शेजारी जाऊन बसले. सगळा वेळ. काय चुकलं ते त्याला समजावत होते म्हणे. मैदानात पी.टी. सर एकटे पळत होते. असं चालतं का?”

“मुलगा आज वेळेवर आला का, सर?”

“आला.”

“मग चालतं.”

मी आमच्या दाखल्याच्या नमुन्यातून ‘शिस्तप्रिय व जबाबदार’ काढून टाकलं. आणि आता कुणाचा रेफरन्स चेक करताना मी एक प्रश्न जास्तीचा विचारते: या माणसाकडे कुठलं काम देऊ नये? पलीकडचे बहुतेक लोक गडबडतात आणि चांगलाच आहे हो, म्हणून फोन ठेवतात. जो नेमकं उत्तर देतो, त्याने त्या माणसाबरोबर खरंच काम केलेलं असतं. त्याचं बाकीचं कौतुकही मग मी खरं धरते.