हिरवा पी आणि बाबांचं ‘येऊ दे’

विमानतळाच्या दाराशी बाबांनी ट्रॉली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “याच्यापुढे काही मला सोडता येत नाही, बाई.” शाळा, क्लास, कॉलेज, पहिली नोकरी, सगळीकडे त्यांनीच मला स्कूटरवरून सोडलं होतं. गाडी शिकते म्हटलं की उत्तर ठरलेलं: “तुला काय करायचीय? मी आहे ना सोडायला!” मी आत गेले, वळून पाहिलं, तर काचेपलीकडून ते हाताने मला पुढे हाकलत होते. “जा, जा, मागे बघू नकोस.” रडू आवरत मी गेले.

इकडे परदेशात हॅरिस पार्क या उपनगरात भाड्याचा फ्लॅट आणि पॅरामॅटाला चालत ऑफिस, त्यामुळे गाडीवाचून माझं कधी अडलं नाही. मग नवऱ्याला, म्हणजे मंदारला, कॅम्पिंगचं वेड लागलं आणि त्याने सेकंडहँड कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर, घेतली. आत चूल, पलंग, बेसिन, सगळा संसार. ती बघून माझ्याही अंगात आलं. चाळिशीला टेकलेली मी गाडी शिकले, पास झाले आणि काचेवर नवशिक्या ड्रायव्हरची पाटी, लाल पी, लावला. ऑफिसातली पोरं शाबासकी देत म्हणाली, “गुड ऑन या, मेट!” मी लगेच पुण्याला फोन लावला. “बाबा, यंदा तुम्ही दोघं या. तुम्हाला समुद्रावर मी सोडणार, घरासकट!”

फुशारकी मारून झाल्यावर नियम वाचले. लाल पी असताना रिकाम्या वजनाने अडीचशे किलोपर्यंतचाच ट्रेलर चालतो, त्याहून जड काही ओढायचं नाही. आमची कॅरॅव्हॅन जवळजवळ दोन टनांची! वर्षभर थांबून पुढच्या टप्प्याचा हिरवा पी मिळाल्याशिवाय तिला हात लावायची सोय नव्हती. मंदार सहज म्हणाला, “मी ओढतो ना, तू बस बाजूला.” झालं, पुन्हा तेच! मी इतकी तडकले की त्या रात्री स्वयंपाक त्यानेच केला.

आई-बाबा आले, राहिले, परतीचा दिवस जवळ आला, तेव्हा कुठे हिरवा पी हातात पडला. हाताशी एकच वीकेंड उरला होता.

बाबांनी विचारलं, “आता हेवी लायसन्सची वेगळी परीक्षा असेल ना?”

“नाही बाबा. कारच्याच लायसन्सवर चालतं. फक्त गाडीला जेवढं ओढायची परवानगी आहे, त्याच्या आत वजन पाहिजे.”

“काय सांगतेस! एवढं धूड, आणि कुणी बघणारसुद्धा नाही?” बाबांना ते पटेचना. कॅरॅव्हॅनच्या पाठीवर हिरवा पी त्यांनीच डकवला, वर दोन थापा मारल्या. आईने सामानात भरलेला मोठा कुकर मंदारने वजनापायी बाहेर काढला, तो तिने गुपचूप परत आत ठेवला.

समुद्रकाठच्या कायामापर्यंत मी छान नेली. खरी पंचाईत कॅम्पसाइटवर झाली. कॅरॅव्हॅन मागे घेताना स्टिअरिंग डावीकडे वळवलं की ती उजवीकडे जाते. दोनदा वाकडी झाली. शेजारचे लोक खुर्च्या टाकून, बिअर घेऊन मजा बघत होते. मंदारने बाहेरून माझ्या दाराला हात घातला. “मी घेऊ का?”

“तू थांब रे,” बाबा कडाडले. “ती घेईल.”

मी स्टिअरिंग घट्ट धरून बसले. डोळे भरून आले होते, आरसाच दिसेना.

बाबा मागे जाऊन उभे राहिले. “बाबा, मला दिसाल असे उभे राहा!” तसे ते बाजूला सरकले, नेमके आरशात आले. दोन्ही हात हलवत, अगदी पुण्याच्या गल्लीत ट्रक लावून घ्यावा तसे ओरडले, “येऊ दे... येऊ दे... अजून येऊ दे... बास!” आणि पत्र्यावर थाप मारली. शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबांचा चेहरा असा, की जणू तेच पास झाले.

पुढच्या आठवड्यात दोघांना विमानतळावर मीच सोडलं. घर पुण्यात की इथे, असं मला तिकडचे आणि इकडचे सगळेच विचारतात. पूर्वी मी गडबडायचे, आता ‘दोन्हीकडे’ म्हणून मोकळी होते. बाबा आत निघाले. मी हाताने त्यांना पुढे हाकलत होते, “जा, जा, मागे बघू नका.”

ते वळलेच. ट्रॉली आईकडे दिली, दोन्ही हात वर केले आणि काचेपलीकडून मला खुणावलं: येऊ दे, येऊ दे.