आकाशबाईंची शेवटची बैठक

सगळी इमारत त्यांना आकाशबाई म्हणायची. मोलकरणीचा पगार द्यायला विसरायच्या, पण वर कुठला मेलेला उपग्रह कुठे भटकतोय ते झोपेतही सांगायच्या. अर्धं आयुष्य दुर्बिणीपाशी गेलं, उरलेलं देशोदेशींच्या समितीत. तिथे एकच नियम करून घ्यायचा ध्यास होता: ज्याने वर पाठवलं त्यानेच खाली आणावं. त्यात केस पांढरे झाले.

त्या समितीत मतदान नसे. अध्यक्ष मसुदा वाचत आणि विचारत, "कुणाची हरकत?" कुणी बोललं नाही की झालं मंजूर. ही सवय बाईंनी घरीही आणली. बदली, नवं घर, लेकीचं वसतिगृह, सगळं असंच मंजूर झालं. नवरा चित्रकलेचा मास्तर, मुळातच मितभाषी. बाईंना असा सोयीचा सभासद जगात दुसरीकडे मिळाला नसता.

नियमाची अखेरची बैठक ठरली, तेव्हा मास्तर महिनाभर अंथरुणाला खिळलेले होते. हृदय थकलंय, डॉक्टरांनी सांगितलं होतं. बाई बॅग भरून पलंगाशी आल्या.

"अहो, आठवड्याने येते. हरकत असेल तर आत्ताच सांगा."

मास्तर छताकडे बघत राहिले.

त्यांची थोरली बहीण सेवेला येऊन राहिली होती. ती म्हणाली, "अगं, त्याला बोलायला दम लागतो. आणि तुझी गाडी खाली उभी."

"मान तर हलवता येते ना, वन्सं?" म्हणत बाई निघाल्या.

तिकडे अध्यक्षांनी विचारलं. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. नियम मंजूर झाला. लोक उठून बाईंचे हात हातात घेत होते, तेवढ्यात लेकीचा फोन आला.

घरी पोचल्या तोवर सगळं उरकलं होतं. पलंगावरची गादीही उचललेली. बाई प्रवासाच्या बुटांतच खुर्चीवर टेकल्या.

"काही म्हणाले का हो, वन्सं?"

"म्हणाला ना. तुझ्यामागे दार लागलं, तेव्हा म्हणाला, जाऊ नको."

"मग मला हाक का नाही मारलीत? मी जिन्यातच असेन."

वन्सं चादरीची घडी घालत होत्या. "तू त्याला विचारलं होतंस, बाई. मला कुठे विचारलंस?"