धातूच्या पोटातला हायड्रोजन

सन १९८१, मार्च महिना. नाशकात द्राक्षांची काढणी जोरात होती, तेव्हा मी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मिस्त्री म्हणून लागलो. आता चारचौघांत बसलो की पोरं म्हणतात, "बाबा, तिथलं सांगा." एक सांगायला घ्यावं, तर त्याला धरून दुसरं येतं. मी चौथीपर्यंत शिकलेलो. पाहिलं तेवढं सांगतो.

*

प्रयोगशाळेच्या जोगळेकर सरांना धातूत हायड्रोजन साठवायचा होता. हा वायू भलता हलका, केसाएवढ्या फटीतून पळतो. मी तेव्हा अंबडच्या एका कारखान्यात वेल्डिंग करायचो. सरांनी माझं एक नळकांडं हवा भरून साबणाच्या पाण्यात बुडवलं. बुडबुडा आला नाही.

"उद्यापासून या," म्हणाले.

ऑफिसातले देवरे क्लार्क अडून बसले. "सर, सातवी पास पाहिजे. ह्यांच्याकडं दाखला नाय."

"हायड्रोजन दाखला बघून थांबतो का, देवरे?"

नोकरी लागली, पण हंगामी. सरांचं काम चाललं तर माझी चूल पेटणार. बाकी सगळे मला "ए पगारे" म्हणत. सर पहिल्या दिवसापासून "पगारे मिस्त्री" म्हणाले.

*

निकेल आणि लँथॅनम या धातूंची मिश्र पूड नळकांड्यात भरली. हायड्रोजन सोडला. पूड घेईना, दाबाचा काटा जागचा हलेना. सरांनी ती तापवली, पंपाने आतली हवा काढली, पुन्हा गॅस सोडला. पुन्हा तेच. संध्याकाळी एकदाचा काटा खाली यायला लागला.

सर म्हणाले, "नवा जावई आहे. पहिल्या वाढीला नकोच म्हणतो. आग्रह करावा लागतो."

पुढे हा जावई इतका जेवला, की पूड फुगून नळकांड्याचीच कूस बाहेर आली.

"मिस्त्री, पुढच्या वेळी ताटाभोवती जागा सोडू."

*

देवरे एकदा म्हणाले, "सर, भरीव धातूत गॅस शिरतो कुठून?"

सर म्हणाले, "हायड्रोजनचे अणू जोडीने फिरतात. धातूच्या दारात जोडी सुटते आणि एकेकटे आतल्या फटींत जाऊन बसतात."

"म्हंजे दारातच काडीमोड?"

"हो. आत धातूशी नातं जुळतं. ऊब दिली की ते सुटतं, आणि बाहेर येताना पुन्हा जोडी."

देवरे म्हणाले, "आमच्या भाच्याचा काडीमोड झालाय. त्याला तुमच्याकडं पाठवतो."

*

गॅस बाहेर पडताना नळकांडं गारठतं, बाहेरून पाणी सुटतं. हे देवऱ्यांना मे महिन्यात कळलं. "हवेवर पैसे उडवताय" म्हणणारे देवरे रोज ताकाचा तांब्या घेऊन हजर. नळकांड्याला टेकवून ठेवायचे.

सर म्हणाले, "अनुदान येवो न येवो, ताक वेळेवर येतं."

*

मग जानेवारीत पुण्याहून अनुदान देणाऱ्या खात्याचे तिघे तपासणीला आले. हे काम चालू ठेवायचं की बंद करायचं, ते त्याच सकाळी ठरणार होतं. धातूतून निघालेल्या हायड्रोजनवर पेट्रोमॅक्स बत्तीची जाळी उजळून दाखवायची होती. नळकांडं पाण्यात, पाण्यात विजेचा हीटर. पाहुणे बसले आणि वीज गेली.

नाशकातली ती थंडी. नळकांडं रात्रभर गारठलेलं, गॅस बाहेर यायला तयार नाही. जाळी काळीच. मुख्य साहेबांनी घड्याळ पाहिलं, फाईल मिटली.

सर हळूच म्हणाले, "मिस्त्री, गरम पाणी."

कॅन्टीनला धावलो. गरम पाणी नव्हतं. स्टोव्हवर चहाचं पातेलं उकळत होतं. ते फडक्यात धरून उचललं. दारात देवरे आडवे आले.

"पगारे, पाहुण्यांचा चहा हाय तो."

"पाहुण्यांसाठीच नेतोय. सरा बाजूला."

नळकांडं उचलून सबंध चहात उभं केलं. सरांनी झडप सैल केली, काडी लावली. जाळी लाल झाली, मग पांढरी लखलखीत.

साहेबांनी फाईल उघडून सही केली. मग रिकाम्या कपाकडे पाहून म्हणाले, "चहा येणार होता ना?"

सर म्हणाले, "आला की, साहेब. पगारे मिस्त्रींनी आणला."

साहेब पातेल्याकडे बघत उठले आणि मला म्हणाले, "बरं आहे, पगारे मिस्त्री."

सरांचं माझ्यावर ऋण होतं, ते त्या सकाळी फिटलं.