कोणाच्या नजरेस न पडता

गेममध्ये मी लपणारा. वाळलेल्या गवतात बसायचं, पहारेकऱ्यांच्या फेऱ्या पाठ करायच्या, दिवे विझवायचे आणि एकाच्याही नजरेस न पडता किल्ल्यातून पलीकडे निघायचं. अख्खा गेम असा संपवला की मला उगाचच शूर वाटायचं. नववीतली माझी मुलगी मात्र दोन कुऱ्हाडी घेऊन थेट मुख्य दरवाजातून घुसायची, मरायची, पुन्हा घुसायची. शुक्रवारी सकाळी अल अझीझियातल्या आमच्या फ्लॅटमध्ये आम्ही आळीपाळीने खेळायचो.

“बाबा, दॅट्स नॉट फायटिंग. यू जस्ट हाइड,” ती वैतागून म्हणायची.

“सापडला तो चोर, बाळा,” मी म्हणायचो.

आखातातल्या फुटबॉल वर्ल्ड कपच्या आधीची ती वर्षं. लुसैलमध्ये एका टॉवरच्या कामावर मी सेफ्टी इंजिनिअर होतो. उन्हाळ्यात साडेअकरा ते तीन उघड्यावर काम बंद, असा सरकारी नियम होता. तो पाळला तर स्लॅबची तारीख चुकणार होती. मग मीच, ज्याला माणसं जपण्यासाठीच नेमलं होतं, एक युक्ती काढली. तपासणीची गाडी आमच्या रस्त्याला वळली की गेटवरच्या माणसाने मला मिस्ड कॉल द्यायचा. मी शिट्टी मारायची, की सगळे बेसमेंटमध्ये. रजिस्टरमध्ये ‘विश्रांती’ मी सकाळीच लिहून ठेवत असे. इन्स्पेक्टर यायचा, सावलीत बसलेली माणसं बघायचा आणि जायचा.

“मान गए आपको!” मॅनेजर पाठ थोपटून म्हणाला होता. मीही खूश होतो, लाज वाटली तरी हे लिहायलाच हवं. गेममधली अक्कल कामाला आली, असं घरी मुलीला सांगायचंही मनात होतं.

जुलैतल्या एका दुपारी साडेबाराला शटरिंगचा एक सुतार फळ्यांवरच कोसळला. अंग तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा एक थेंब नाही. आम्ही पाणी ओतत राहिलो. अँब्युलन्समध्येच तो गेला.

संध्याकाळी इन्स्पेक्टरने मला विचारलं, माणूस किती वाजता पडला? मॅनेजर माझ्या मागेच उभा होता. माझा राहण्याचा परवाना कंपनीच्या हातात, आणि मुलीची शाळा त्या परवान्यावर. नरो वा कुंजरो वा करून वेळ मारून नेता आली असती. मी तेवढंही केलं नाही. ‘सव्वाअकरा,’ असं ठणकावून सांगितलं आणि जबाबाखाली सही केली. स्वतःची किळस आली.

दोन दिवसांनी त्या सुताराचा भाऊ सामान न्यायला साइट ऑफिसात आला. तो दुसऱ्या एका साइटवर स्टील बांधायचा. पिशवी आणि चपला मी त्याच्या हातात दिल्या.

“साब, कितने बजे गिरा? माँ पूछ रही है.”

“सवा ग्यारह.”

मग त्याने खिशातून फोन काढून माझ्यासमोर धरला.

“बारह बजे तो उसने मुझे फोन किया था, साब. बोला, सर घूम रहा है.”

स्क्रीनवर वेळ स्पष्ट दिसत होती. खोलीत आम्हा दोघांशिवाय कोणी नव्हतं. मॅनेजर नव्हता, इन्स्पेक्टर नव्हता. त्याला एकट्याला तरी खरं सांगता आलं असतं.

“तुम्हारे फोन की घडी गलत होगी,” मी म्हणालो.