धुळ्यापर्यंत डबलसीट

जळगावहून धुळ्याला मी सायकलवर गेले, माझ्या स्वतःच्या सायकलवर, स्वतःच्या पायांनी पायडल मारत. हे माझ्याशिवाय तीनच माणसांना माहीत होतं. एक माझी आई, ती आता नाही. दुसरा माझा भाऊ आणि तिसरा माझा नवरा. हे दोघे आजतागायत तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेत. म्हणून म्हटलं, आपणच लिहावं.

नवऱ्याला मी इथे एकेरीच लिहिणार आहे. समोर अहोजाहो करते, तेवढं पुरे.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. तो जळगावात एका सरकारी ऑफिसात नकाशे काढायचा आणि मी प्राथमिक शाळेत शिकवायचे. लग्नाला तीन वर्षं झाली होती. कुठल्याशा मासिकात एका जोडप्याच्या सायकलसहलीवरचा लेख त्याच्या वाचनात आला आणि त्याच्या अंगात वारं शिरलं. त्याची सायकल होतीच. माझ्यासाठी त्याने एक जुनी लेडीज सायकल आणली, साडी अडकू नये म्हणून मागच्या चाकाला जाळी लावलेली. मला सायकल त्याने शिकवली, असं तो लोकांना सांगतो. तेही खोटं. धुळ्यात मी सातवीपासून सायकलवर शाळेत जात होते.

दर रविवारी आम्ही निघायचो. आधी नुसतं मेहरूणच्या तलावापर्यंत, मग बांभोरीला गिरणेच्या पुलापर्यंत, मग भुसावळला जाऊन परत. एकदा तर फैजपूरपर्यंत गेलो. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, पाटाचं पाणी सोडलेलं, उन्हातसुद्धा रस्ता गार. तिथल्या एका शेतकऱ्याने आम्हाला भरीत-भाकरी खाऊ घातली आणि जाताना केळ्यांची अख्खी फणी कॅरिअरला बांधून दिली. ते दिवस मला आवडायचे, हे कबूल करते. पदर कमरेला खोचून, चढावर उभी राहून पायडल मारायला लागले की शाळा, स्वयंपाक, सासर सगळं मागे पडायचं. मागे पडणाऱ्यांत नवराही असायचा. चढ आला की तो हळू व्हायचा आणि वर पोचून मी त्याची वाट बघायची, हे ठरलेलंच होतं.

त्याने एक वही केली होती. निघालो कधी, पोचलो कधी, थांबलो कुठे, सगळं वळणदार अक्षरात लिहिलेलं. एका रविवारी ती मी सहज उघडली. नशिराबादच्या अलीकडे त्याच्या पोटरीत गोळा आला होता आणि आम्ही चांगला अर्धा तास झाडाखाली बसलो होतो. वहीत लिहिलं होतं, 'सौ. दमल्यामुळे अर्धा तास विश्रांती.' मी विचारलं, हे काय? तर हसला आणि म्हणाला, "अगं, वही कोण वाचतंय?"

तेव्हाच मला कळायला हवं होतं. मीही हसले. मूर्खासारखी हसले.

नाताळच्या सुट्टीत धुळ्याला, माझ्या माहेरी जायचं ठरलं. एका दिवसात नव्वदच्या वर किलोमीटर. त्यासाठी दोन महिने आम्ही रोज पहाटे सराव केला. शाळेच्या आधी दहा-बारा किलोमीटर, रविवारी तीस-चाळीस. मी भावाला पत्र टाकलं, की दुपारी नाक्यावर ये, मी सायकलवर येतेय. 'मी' खाली रेघ मारली होती.

वाटेत एक अडचण होती. एरंडोल आणि पारोळ्याच्या मधे हायवेला लागूनच माझ्या सासऱ्यांचं गाव आहे. त्या गावात सून वाहनावर बसून जात नाही. बैलगाडीत असली तरी शिवेवर उतरायचं, डोक्यावर पदर घ्यायचा आणि गावातून पायी जायचं, मग पलीकडे पुन्हा चढायचं. हायवे गावातूनच जातो, पारासमोरून. पारावर सासरे आणि त्यांच्या वयाची माणसं बसलेली असतात. ट्रकवाले सुसाट जातात, त्यांना कुणी काही म्हणत नाही.

तर धुळ्याला जाताना त्या गावाच्या पुलाशी मी उतरले. कमरेचा पदर सोडून डोक्यावर घेतला. एका हाताने सायकल ढकलायची आणि पदर वाऱ्याने उडतो म्हणून तो दातांत धरायचा. अर्धा किलोमीटर असं चालले. नवरा माझ्या पुढे आरामात सायकल चालवत होता. पाराशी तो थांबला. सासरे म्हणाले, "सायकली लेईसन कोठे निघनात?" नवऱ्याने सांगितलं, पारोळ्यापर्यंतच सायकल, पुढे एस.टी. धरणार, सायकली टपावर टाकणार. मी पाठमोरी उभी राहून ऐकत होते. गाव संपल्यावर विचारलं, तर म्हणाला, "आबांना उगाच काळजी नको." मी पदर खोचला आणि निघाले. राग आला होता, पण पायांत जोर होता, वारा पाठीशी होता आणि धुळे पुढे होतं.

पारोळ्यानंतर तो खचला. धुळ्याच्या अलीकडच्या फागण्यापर्यंत चार वेळा उतरला. मी थांबायचे, पाणी द्यायचे, पुन्हा निघायचे. शेवटी तो म्हणाला, तू हो पुढे. मी झाले पुढे. तीन वाजायच्या सुमाराला मी धुळ्याच्या नाक्यावर एकटी पोचले. पाय थरथरत होते, ओठांवर धूळ आणि मीठ, आणि इतकी खूश मी लग्नातसुद्धा नव्हते.

भाऊ नाक्यावर उभा होता. मला बघून त्याचा चेहरा खुलला, मग त्याने माझ्या मागे रस्त्यावर नजर टाकली.

"भाऊजी कुठेत?"

"येतायत मागून. दमलेत."

दहा मिनिटांनी नवरा आला, सायकल हातात धरून, लंगडत. भावाने मला बाजूला घेतलं. "ताई, गल्लीत सगळे वाट बघत बसलेत. तू पुढे आणि जावई मागून लंगडत, बरं दिसेल का? असं कर, भाऊजींना जरा दम घेऊ दे, मग तू त्यांच्या मागे कॅरिअरवर बस. गल्लीच काय ती उरलीय. तुझी सायकल मी मागच्या बोळातून आणतो."

आणि मी बसले.

इतकी वर्षं मी जगावर चिडते, पण सगळ्यात जास्त चिडते ती या तीन शब्दांवर. कुणी हात धरून बसवलं नव्हतं. नव्वद किलोमीटर पायडल मारणारी बाई शेवटच्या दोनशे पावलांसाठी कॅरिअरवर बसली, का तर नवऱ्याची शोभा नको. मला वाटलं, खरं काय ते आम्हाला माहीतच आहे.

गल्लीत आई औक्षणाचं ताट घेऊन उभी. भाकरतुकडा ओवाळून टाकला, तो आधी जावयावरून. शेजारची अक्का गालावर हात ठेवून ओरडली, "व माय! ठेठ जळगावथून डबलसीट! जवाई शे का वाघ शे!" मग माझ्याकडे वळून, "कंबर दुखनी नही का व तुनी, इतलं बसीसन?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात गल्ली नवऱ्याभोवती गोळा झाली. कुणी त्याच्या मांड्या दाबून बघतंय, कुणी सायकलचं कॅरिअर हलवून बघतंय. मी नवऱ्याकडे बघत होते. तो पाणी पीत होता. एक तांब्या संपवून त्याने दुसरा मागितला.

स्वयंपाकघरात मी आईला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "असू दे गं. जावयाचा मान तो आपलाच मान." भाऊ माझी सायकल मागच्या अंगणात गोणपाटाखाली झाकून आला होता. चोरीचा माल असावा तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतल्या मारुतीच्या पटांगणात सत्कार. शाल नाही, आपल्याकडचा टॉवेल, टोपी आणि नारळ. गल्लीतले एक नाना बोलायला उभे राहिले. आजकालची पोरं मोटारीशिवाय हलत नाहीत, आणि आमच्या जावईबापूंनी सौभाग्यवतीला मागे बसवून एवढी मजल मारली, असं बरंच बोलले. टाळ्या पडल्या. मग मलाही पुढे बोलावलं आणि खण-नारळ दिला. कशाबद्दल? एवढा वेळ कॅरिअरवर न डगमगता बसल्याबद्दल!

"बोला जावईबापू, दोन शब्द."

नवरा उभा राहिला. डोक्यावर पांढरी टोपी, गळ्यात टॉवेल. त्याने माझ्याकडे पाहिलं. मला खरोखर वाटलं, आता बोलेल. एका वाक्याचं काम होतं. गल्ली हसली असती, चार दिवस बोलली असती आणि विसरली असती.

"आपले आशीर्वाद," तो म्हणाला. "तिचीही साथ होती."

साथ! माझ्या हातातला नारळ मी तिथेच त्या दगडी फरशीवर आपटणार होते. आपटला नाही. घरी नेला आणि आईने त्याची वडी केली.

तिसऱ्या दिवशी परत निघालो. वारा समोरून होता. पारोळ्यापर्यंत मी पुढेच राहिले. तिथे चहाला थांबलो तेव्हा म्हटलं, "धुळ्याचं झालं ते झालं. आता गावात मी उतरणार नाही. आबा विचारतील, तेव्हा खरं सांगायचं. की ही सायकल चालवते, धुळ्यापर्यंत चालवत गेली आणि चालवत आली."

"बघू," तो म्हणाला.

"बघू नाही. सांगायचं."

त्याने बशीतला चहा संपवला. "सांगतो. तुझी शपथ."

गाव आलं. शीव आली. पायांना सवय होती, ते आपसूक थांबायला लागले. मी जोर केला. पदर खोचलेलाच ठेवला, डोकं उघडं. नवरा मागे म्हणाला, "अगं, अगं," आणि मग त्याच्या सायकलचा आवाज थांबला. तो उतरला होता. मी पुढे गेले. पिठाची गिरणी, शाळा, मग पार. पारावर सासरे होते आणि आणखी सहा-सात जण. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी घंटी वाजवली नाही, मान खाली घातली नाही. सासऱ्यांच्या डोळ्याला डोळा भिडला आणि मीच सांगते, मी घाबरले होते. मागून त्यांचा आवाज आला, "हाई काय शे?" कुणाला विचारलं ते मला माहीत होतं. उत्तर द्यायला तो येतच होता, सायकल हातात धरून.

पुलापलीकडे बाभळीखाली मी थांबले. वाटलं, आता भांडण होईल. सासरे येऊ नका म्हणतील, महिनाभर घरात धुसफूस चालेल. चालू दे. एकदा खरं बाहेर पडलं की मी सगळं सोसायला तयार होते.

पंधरा मिनिटांनी तो आला. चेहरा अगदी मोकळा, वर हसू.

"काय म्हणाले आबा?"

"काही नाही. काळजी करत होते. फार लागलं-बिगलं नाही ना, विचारत होते."

"लागलं? मला कशाने लागेल?"

तो खाली वाकून उगाच चेन बघायला लागला. "मी सांगितलं, तुझ्या सायकलचे ब्रेक लागत नव्हते. थांबताच आलं नाही म्हटलं. म्हणून पुढे गेलीस."

मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग सायकलवर बसले आणि जळगावपर्यंत मागे वळून पाहिलं नाही. तो माझ्यानंतर दीड तासाने घरी पोचला. त्याच्या वहीत त्या दिवशी काय लिहिलंय, ते मी वाचलेलं नाही.

सासऱ्यांच्या गावी आजही लग्नाकार्याला गेले की कुणीतरी म्हातारी माझा हात धरते आणि काळजीने विचारते, "तुनी सायकलना ब्रेक लागतस का व आते?" नवरा जवळच कुठेतरी उभा असतो आणि दुसरीकडे बघतो. मी त्याच्याकडे बघून मोठ्याने सांगते, ब्रेक तेव्हाही लागत होते. म्हातारी हसते, मान हलवते आणि सुनेने नवऱ्याला असं चारचौघांत खोटं पाडू नये, म्हणून मलाच गप्प बसवते.