हूं नाय तं फुडं नाय

"हूं म्हन गो. हूं नाय तं फुडं नाय."

तिचा प्रत्येक भाग असाच सुरू व्हायचा. एवढं बोलून ती फोन भाकरीसारखा तोंडापुढे आडवा धरून गप्प बसायची. समोर कोणी खरंच हूं म्हणेल एवढा वेळ सोडायची आणि मग व्याकरण.

आटगावपासून बरीच आत आमची शाळा. ती दहावीत होती, मी मराठीची बाई. तिची बाकावरची जोडीदारीण दिवाळीनंतर आईबापांबरोबर मुरबाडकडच्या वीटभट्टीवर गेली. दरवर्षी मुलं जातात, आम्ही हळहळतो आणि पुढचा धडा घेतो. ही मात्र माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"बाई, तुमचा फोन द्या. तिला पॉडकास्ट करून धाडते. परीक्षेला ती आलीच पायजे."

"ते काय असतं गं?"

"तुमी डोक्याला ताप नका करून घेऊ. फकस्त फोन द्या."

घ्या! बाईंनाच शहाणपण.

वर्गात आवाज घुमतो म्हणून ती खिचडीच्या तांदळाच्या खोलीत, गोण्यांच्या मधे बसून बोलायची. मागे कोंबडी ओरडत असायची, नाहीतर पातेलं आपटायचं. "मीठभाकर म्हंजे नुसतं मीठ नि भाकर नाय गो. कालवन, कांदा, ताटात आसल ते समदं धरायचं. ह्यो समाहार द्वंद्व." समास ऐकून मला भूक लागली, अशी ती पहिलीच वेळ.

एकदा मी म्हटलं, "मधेमधे गप्प काय बसतेस? काप ना ते."

अशी भडकली! "आमच्या पाड्याव गोष्ट सांगतात तवा ऐकनाऱ्यानं हूं म्हनावाच लागतो, बाई. हूं थांबला का सांगनारा वाटंतच आडकतो. ना घरी, ना फुडं."

संध्याकाळी भट्टीवरून, बापाच्या फोनवरून, जोडीदारणीच्या आवाजात एकच शब्द यायचा. "हूं." तो ऐकवला की दुसऱ्या दिवशी स्वारी पुन्हा गोण्यांत. पुढे सगळा वर्गच ऐकायला लागला. डबे खाताखाता तोंडात घास असलेली पोरं हूं करायची, मला हसू आवरायचं नाही.

थंडीत तिला ताप आला. घरी जाताना म्हणाली, "येतेच बाई. कर्मणी प्रयोग राहिलाय तिचा."

आली नाही. तापातच गेली पोर. फार जीव होता हो माझा तिच्यावर.

आणि संध्याकाळी फोन वाजला. "हूं."

दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा. तिसऱ्याही. तुम्हीच सांगा, काय करावं माणसानं? भट्टीवरच्या त्या पोरीला कोणीतरी सांगायला हवं होतं. रविवारी एसटीने मुरबाड गाठलं.

ती विटा थापत होती. मी तोंड उघडायच्या आतच म्हणाली, "ठाव हाय, बाई. त्याच दिशी समजला."

"मग हूं कोणाला म्हणतेस गं?"

चिखलाचे हात तिने ओढणीला पुसले. "मी थांबले तं ती वाटंतच आडकंल ना."

राहिलेला प्रयोग तिथेच, विटांच्या ओळींमधे बसून मी शिकवला.

ती परीक्षेला आली. पासही झाली. निकालाच्या दिवसापासून भट्टीवरचा हूं बंद झाला.

त्या संध्याकाळी घर फार शांत वाटलं. मी फोन काढला, तिचा शेवटचा भाग लावला.

"हूं म्हन गो," ती म्हणाली आणि वाट बघत राहिली.

मी म्हटलं, "हूं."