मग काय झालं?

बीडच्या एका दवाखान्यात, अपघात विभागात, खुशनुमा समुपदेशक आहे. खाटेशी स्टूल ओढून ती रुग्णाला हळूच म्हणते, जमलं तर डोळे मिटा आणि काय झालं ते सांगा. भीती ताजी असतानाच बोलून टाकली, तर ती घर करत नाही, असं ती शिकली आहे. नातेवाइकांना ही पोरगी चक्रम वाटते. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला येणारा हातात बिस्किटपुडा आणि तोंडात 'विसरून जा' घेऊनच येतो. विसरणं काय आपल्या हातात असतं होय?

तिच्या अब्बांनाही अख्ख्या गल्लीनं हेच सांगितलं होतं. ती शाळेत असताना अब्बांच्या, म्हणजे नबीच्या, फळगाड्याला ट्रकनं उडवलं. हाड जुळलं, पण त्यानं पुन्हा कधी रस्ता ओलांडला नाही. तो घराच्या दारातच फळं विकतो. जगाला विचारणाऱ्या खुशनुमानं त्याला मात्र कधी विचारलं नाही. तो कोसळेल, अशी तिला भीती वाटायची.

एका दुपारी शिरूर कासारचा आदिनाथ आला. उसाची ट्रॉली कलंडून तो मोळ्यांखाली सापडला होता. डोळा लागला की ट्रॉली पुन्हा कलंडायची आणि तो दचकून उठायचा.

"कशाला उकरून काढता बाई? इसरू द्या त्याला," त्याची आई केशरबाई म्हणाली.

आदिनाथच सांगू लागला. ट्रॉली कलंडली, इथवर आला की गप्प व्हायचा.

"मग?" खुशनुमानं विचारलं.

"मग अंधार. उसाचा वास. मग कुणीतरी मोळ्या उचलल्या. आभाळ दिसलं, लई निळं."

"मग?"

"मग ही खाट. आई हाय."

पंखा संथ फिरत होता. खिडकीतलं ऊन खाटेवर चढलं, सगळा वॉर्ड पाण्याखाली गेल्यासारखा शांत झाला. आदिनाथ झोपला, आणि या वेळी दचकला नाही. केशरबाई त्याच्याकडे बघतच राहिली.

खुशनुमा घरी आली तेव्हा ऊन कललं होतं. अब्बा उंबऱ्यावर सीताफळं मांडून बसले होते. ती शेजारी टेकली.

"अब्बा, उस दिन क्या हुआ था?"

नबी बराच वेळ फळं चाचपत राहिला. मग बोलू लागला आणि ट्रकचा हॉर्न वाजला तिथं थांबला. इतकी वर्षं तो तिथंच थांबला होता.

"फिर?"

त्यानं डोळे मिटले. रस्ताभर पेरू घरंगळत होते, म्हणाला. माणसं जमली होती, कुणाचा चेहरा ओळखू येत नव्हता.

"फिर?"

"फिर तू आयी," नबी म्हणाला. "स्कूल के कपड़ों में, दौड़ती हुई."

खुशनुमा तिथंच, सीताफळांच्या शेजारी, रडली.